शतावरीचा अभिमान आणि शतावरीचा पुरावा

पाचगणीच्या हवेला एकेकाळी औषधाचा मान होता. समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटर उंचीवरचे हे गाव आज निवासी शाळा, टेबललँड आणि स्ट्रॉबेरी यांमुळे सर्वांना परिचित आहे. परंतु विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबई-पुण्याकडची कुटुंबे आपला क्षयग्रस्त मुलगा वा सून घेऊन पसरणीचा घाट चढत, ती इथल्या थंड, निर्मळ हवेच्या आशेने. १९१२ साली डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी येथे क्षयरोग्यांसाठी बेल-एअर हे आरोग्यधाम सुरू केले. शुद्ध हवा, विश्रांती आणि सकस आहार ही त्या काळची उपचारांची त्रिसूत्री होती. क्षयावर दुसरे औषधच नव्हते, तेव्हा त्या उपचारावर श्रद्धा ठेवण्यात गैर काहीच नव्हते.

पुढे क्षयावर प्रभावी औषधे आली आणि एक अवघड प्रश्न उभा राहिला. औषधे मिळत असतील, तर आरोग्यधामाची गरज उरते काय? या प्रश्नाचे उत्तर कोणी व्याख्यानातून दिले नाही. मद्रास येथील क्षयरोग संशोधन केंद्राने १९३ गरीब रुग्ण घेतले. निम्म्यांना आरोग्यधामात ठेवले, निम्म्यांना त्यांच्या दाटीवाटीच्या घरी. औषधे दोघांना सारखीच. वर्षअखेर मोजणी झाली. घरी राहिलेल्यांचा आहार निकृष्ट होता, विश्रांती कमी होती, तरी ते जवळजवळ तितक्याच प्रमाणात बरे झाले होते. १९५९ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि जगभरच्या क्षयोपचाराची दिशा बदलली. पाचगणीची हवा वाईट ठरली नाही. हवेने काय होते आणि काय होत नाही, एवढे मात्र स्पष्ट झाले, आणि त्या स्पष्टतेचा लाभ घाट चढण्याचा खर्च कधीही न झेपणाऱ्या लक्षावधी गरिबांना मिळाला.

पाचगणीच्या या अनुभवाची आज आठवण करून द्यावीशी वाटते, ती ज्या सह्याद्रीत हे गाव वसले आहे त्याच सह्याद्रीत उगवणाऱ्या एका वनस्पतीच्या निमित्ताने. ती वनस्पती म्हणजे शतावरी. सुईसारख्या बारीक पानांची, काटेरी, पांढऱ्या सुगंधी फुलांची ही वेल. तिच्या बुडाशी मुळ्यांचा भलामोठा झुबका असतो, म्हणून ती शतावरी. महाराष्ट्रातील क्वचितच असे घर असेल की जेथे बाळंतिणीला दुधातून शतावरी कल्प दिला गेला नाही. अलीकडे मात्र या मुळीची जबाबदारी वाढली आहे. पान्हा वाढवण्यापुरती ती राहिलेली नाही. पाळीची अनियमितता, पीसीओएस, वंध्यत्व, रजोनिवृत्तीचा त्रास अशा सगळ्यांवर ती ‘संप्रेरकांचे संतुलन’ साधते, असे वेष्टनांवर आणि जाहिरातींत सांगितले जाते. या दाव्यांमागे नेमका पुरावा किती, हा प्रश्न विचारणे म्हणजे परंपरेचा अवमान, अशी एक समजूत आपल्यामध्ये रुजली आहे. ती समजूत चुकीची आहे आणि परंपरेलाच घातक आहे, हे या लेखाचे प्रतिपाद्य आहे.

प्रथम परंपराच काय म्हणते ते पाहू. चरकसंहितेत औषधींचे दहा-दहांचे गट सांगितले आहेत. त्यांपैकी बल देणाऱ्या गटात आणि वय टिकवणाऱ्या गटात शतावरी ‘अतिरसा’ या नावाने येते. पण दूध उत्पन्न करणाऱ्या, म्हणजे स्तन्यजनन गटात ती नाही! तेथे वाळा, साळी, साठी, दर्भ, कुश, काश अशी प्रामुख्याने तृणवर्गातील नावे आहेत. सोळाव्या शतकातील भावप्रकाशात मात्र शतावरीचा स्तन्य वाढवणारी म्हणून स्पष्ट उल्लेख आहे. यातून काय दिसते? आपल्या वैद्यांनी पूर्वसूरींचा ग्रंथ मिटून ठेवला नाही. अनुभवाने जे दिसले ते पुढच्या ग्रंथात घातले, काही बाजूला ठेवले. ज्या परंपरेने शतकानुशतके स्वतःच्या यादीत भर घातली, ती परंपरा नव्या कसोटीला का घाबरेल?

आता आधुनिक कसोटीकडे वळू. शतावरीच्या मुळांत ‘शतावरीन’ या नावाने ओळखली जाणारी स्टिरॉइडवर्गीय सॅपोनिन द्रव्ये आहेत, हे रसायनशास्त्राने दाखवले आहे. पण मुळात द्रव्य असणे आणि त्याचा मातेच्या शरीरावर उपयोग होणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १९६७ साली जोगळेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शतावरीच्या दूधवाढीच्या गुणाविषयी अनुकूल निरीक्षणे प्रसिद्ध केली. १९९६ साली ‘इंडियन पीडियाट्रिक्स’ या नियतकालिकात ६४ मातांवरील तौलनिक चाचणी प्रसिद्ध झाली. तीत शतावरीयुक्त औषध घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या मातांमध्ये लक्षणीय फरक आढळला नाही. २०११ साली ६० मातांवर दुसरी चाचणी झाली. तीत शतावरीचे चूर्ण घेणाऱ्या मातांच्या रक्तातील प्रोलॅक्टिन, म्हणजे दूधनिर्मितीला चालना देणारे संप्रेरक, सरासरी सुमारे ३३ टक्क्यांनी वाढले. दुसऱ्या गटात ही वाढ १० टक्क्यांच्या आत राहिली. एक चाचणी नाही म्हणते, एक होय म्हणते, आणि दोन्ही लहान. २०२० साली दूधवाढीच्या तोंडावाटे घ्यावयाच्या औषधांवरील ४१ चाचण्यांचा, तीन हजारांहून अधिक मातांचा एकत्रित आढावा कॉक्रेन या संस्थेने घेतला. वनौषधींमुळे काही लाभ होत असावा, परंतु पुरावा इतका कमकुवत आहे की खात्रीने काही सांगता येत नाही, असा त्याचा आशय होता.

‘आमच्या आजीने दिली, आईने घेतली, दूध आले, आणखी पुरावा कशाला?’ असे अनेक भगिनी विचारतील. प्रश्न रास्त आहे, म्हणून त्याचे उत्तरही नीट द्यायला हवे. बाळंतीण माहेरी येते. तिला सव्वा महिना विश्रांती मिळते. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, गरम दूध, तेलाचे मालिश, शेक-शेगडी आणि सर्वांत मोठे म्हणजे आईचा धीर तिला मिळतो. बाळ वारंवार अंगावर पिते. त्या चोखण्यानेच प्रोलॅक्टिन वाढते आणि पहिल्या काही आठवड्यांत दूध आपसूक वाढत जाते. या सगळ्यात शतावरीचा वाटा किती? रुपयातला बारा आणे की एक पैसा? घरातल्या अनुभवातून हे सांगता येणे शक्य नाही, कारण घरात सगळे एकत्रच घडते. त्यासाठी दोन सारख्या गटांना एकाच रंगाचा, एकाच चवीचा, वेलदोड्याच्या वासाचा कल्प द्यावा लागतो. एकात शतावरी असते, दुसऱ्यात नसते. आणि कोणाला कोणता मिळाला हे मातेलाही ठाऊक नसते, मोजणाऱ्या वैद्यालाही नसते. यालाच दुहेरी अंध चाचणी म्हणतात. आजीच्या अनुभवावर अविश्वास दाखवण्यासाठी ती नसते. त्या अनुभवातून शतावरीचे श्रेय शतावरीला आणि माहेरचे श्रेय माहेराला देण्यासाठी ती असते.

वनस्पतीचा संप्रेरकांवर परिणाम होतच नाही, असे म्हणणारेही चुकतात. १९४० च्या दशकात पश्चिम ऑस्ट्रेलियात एका जातीच्या क्लोव्हर चाऱ्यावर चरणाऱ्या मेंढ्या मोठ्या संख्येने वांझ होऊ लागल्या. त्या चाऱ्यात स्त्रीसंप्रेरकासारखे काम करणारी द्रव्ये निघाली. पीसीओएसमध्ये आज डॉक्टर ज्या मेटफॉर्मिनचा वापर करतात, त्याचे मूळ युरोपातील गॅलेगा या वनस्पतीच्या अभ्यासात आहे. मूळ वनस्पतीतील द्रव्य विषारी होते. त्याच कुळातील सुरक्षित रसायन शोधून १९५७ साली फ्रान्समध्ये जाँ स्टर्न यांनी ते मधुमेही रुग्णांत वापरून दाखवले. उलट उदाहरणही आहे. १९४० च्या दशकात रसेल मार्कर या रसायनशास्त्रज्ञाने मेक्सिकोतील रानकंदांतून डायोसजेनिन काढून प्रयोगशाळेत प्रोजेस्टेरॉन तयार केले. त्यावरून रानकंद खाल्ला की शरीरात प्रोजेस्टेरॉन तयार होते, असा प्रचार पाश्चात्त्य बाजारात वर्षानुवर्षे झाला. प्रत्यक्षात मानवी शरीराला ते रूपांतर करताच येत नाही. वनस्पतींत सामर्थ्य असते. पण कोणत्या वनस्पतीत, कोणत्या मात्रेत, कोणासाठी, हे मोजल्याखेरीज कळत नाही. आणि ज्यात सामर्थ्य आहे ते अपायही करू शकते. ‘वनौषधी आहे, अपाय होणार नाही’ आणि ‘वनौषधी आहे, संप्रेरके बदलून टाकील’ ही दोन वाक्ये एकाच दमात खरी असू शकत नाहीत.

शतावरीची भगिनी म्हणावी अशी अश्वगंधा याबाबत थोडी पुढे गेली आहे. २०१८ साली सौम्य थायरॉइड-न्यूनता असलेल्या ५० जणांवर आठ आठवड्यांची चाचणी झाली. २०२१ साली रजोनिवृत्तीच्या उंबरठ्यावरील १०० स्त्रियांवर झालेल्या चाचणीत अंगातून वाफा येण्यासारख्या तक्रारी कमी झाल्या. निष्कर्ष आशादायक आहेत, पण चाचण्या लहान आणि अल्पकाळाच्या आहेत. दरम्यान २०२३ साली डेन्मार्कने अश्वगंधेवर बंदी घातली. थायरॉइड व लैंगिक संप्रेरकांवरील संभाव्य परिणाम आणि गर्भपाताचा धोका ही कारणे पुढे करण्यात आली. आपल्याकडे याची प्रतिक्रिया संतापाची होती. संताप समजण्याजोगा आहे. परंतु डेन्मार्कला निरुत्तर करावयाचे असेल, तर गर्भवतींनी अश्वगंधा टाळावी काय, किती मात्रा किती काळ सुरक्षित, यकृतावर परिणाम होतो काय, याची आपली आकडेवारी मेजावर ठेवावी लागेल. मुळे वापरावीत, पाने वापरू नयेत, अशी सूचना आपल्याच आयुष मंत्रालयाने २०२१ साली उत्पादकांना दिली होती. म्हणजे काळजीचे कारण आपल्यालाही दिसत होते.

अभिमान कसा राखावा, याचे उत्तम उदाहरण आपल्याच इतिहासात आहे. हळदीने जखम भरते या ‘शोधा’चे एकस्व १९९५ साली अमेरिकेत एका विद्यापीठाला मिळाले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्याविरुद्ध लढा दिला, तो ३२ लेखी दाखले सादर करून. १९९७ साली ते एकस्व रद्द झाले. तो विजय कागदपत्रांचा होता, घोषणांचा नव्हे. त्याहून जुने उदाहरण मुंबईचे. सर्पगंधेचे गुण आपल्या वैद्यांना शतकानुशतके ठाऊक होते. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ती रक्तदाबाच्या रुग्णांना दिली, प्रत्येकाचा रक्तदाब मोजून ठेवला आणि १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये तो अनुभव आकड्यांसह मांडला. त्यानंतर सर्पगंधा जगभरच्या औषधालयांत पोहोचली. त्याच मोजणीच्या रीतीने पुढे तिचे दोषही उजेडात आले, विशेषतः काही रुग्णांत येणारे औदासीन्य; आणि मात्रा बेताने वापरण्याचे शहाणपण आले. गुण आणि दोष दोन्ही कळले, म्हणूनच वनस्पती औषध ठरली.

यावर काही वैद्यवर्य एक गंभीर आक्षेप घेतात. आयुर्वेद प्रकृती पाहून औषध देतो. सर्वांना एकच गोळी देणारी चाचणी त्याला लागू कशी करता येईल? आक्षेपात तथ्य आहे, पण तो अनुल्लंघ्य नाही. २०११ साली कोइमतूर येथे संधिवाताच्या ४३ रुग्णांवर झालेल्या चाचणीचा अहवाल प्रसिद्ध झाला. तीत वैद्यांना प्रत्येक रुग्णाची प्रकृती पाहून औषध ठरवण्याची पूर्ण मोकळीक होती, आणि तरीही ती चाचणी दुहेरी अंध होती. पुण्याचे डॉ. अरविंद चोपडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुडघेदुखीच्या ४४० रुग्णांवर आयुर्वेदिक औषधांची आधुनिक औषधांशी तुलना केली व २०१३ साली ती प्रसिद्ध केली. आयुर्वेदिक औषधे तोडीस तोड ठरली. आणि काही रुग्णांच्या यकृताच्या तपासणीतील आकडे वाढले, हेही त्यांनी लपवले नाही. म्हणजे हे काम होऊ शकते, महाराष्ट्रात होऊ शकते आणि प्रामाणिकपणे होऊ शकते.

मग शतावरीबाबत ते का होत नाही? कारण सोपे आहे. शतावरीवर कोणाला एकस्व मिळत नाही. तेव्हा मोठी चाचणी करण्याचा खर्च कोणी उत्पादक उचलत नाही. शास्त्रीय ग्रंथातील योग त्याच उपयोगासाठी विकायचा असेल, तर परवान्यासाठी नव्या रुग्णचाचणीची सक्ती नाही. पाळीचे विकार दूर करण्याचा दावा जाहिरातीत करण्यास १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातीविषयक कायद्याने बंदी आहे. म्हणून ‘संप्रेरक-संतुलन’ हा गुळगुळीत शब्द पुढे येतो. कोणते संप्रेरक, किती होते, किती झाले, हे त्यात काहीच नसते. जे मोजता येत नाही ते खोटेही ठरवता येत नाही, आणि बाजाराला तेवढे पुरते.

याची किंमत कोण देते? एखाद्या मातेला प्रसूतीच्या वेळी अतिरक्तस्राव झालेला असतो. तिला दूध येत नाही. घरची माणसे कल्पाची मात्रा वाढवतात. प्रत्यक्षात रक्तस्रावामुळे तिच्या मेंदूतळाशी असलेल्या पियुषिका ग्रंथीला इजा झालेली असू शकते. शीहान यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या विकाराचे दूध न येणे हे पहिले लक्षण असते. ते ओळखले गेले नाही तर पुढे थकवा, पाळी बंद होणे आणि प्रसंगी जिवावर बेतणारे संकट ओढवते. तेथे शतावरी काय करील? दुसऱ्या मातेला गरोदरपणी मधुमेह झालेला असतो, आणि बाजारातील बहुतेक कल्पांत वजनाने सर्वांत अधिक असते ती साखर. तिसऱ्या घरी महाविद्यालयात जाणाऱ्या मुलीची पाळी चार-चार महिने येत नाही. थायरॉइडची आणि साखरेची साधी तपासणी न करता दोन वर्षे चूर्णात जातात. आणि सगळ्यांत असहाय असते ते तान्हे बाळ, ज्याचे वजन वाढत नाही आणि ज्याला आपली तक्रार रडण्याखेरीज सांगता येत नाही. म्हणूनच बाळाचे वजन वाढत नसेल, तर कल्प असो वा नसो, बाळाला आधी डॉक्टरांकडे नेले पाहिजे. याबाबत वैद्य आणि डॉक्टर यांच्यात मतभेद असण्याचे कारण नाही.

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. २०११ च्या चाचणीत दिसलेला लाभ खरा असेल, तर शतावरी हे स्वस्त, देशी, कोणत्याही तालुक्यात लावता येणारे साधन आहे. डब्याच्या दुधाचा खर्च न झेपणाऱ्या, कमी वजनाच्या बाळाला घेऊन बसलेल्या मातेला ते वरदान ठरेल. असे साधन केवळ सिद्ध न केल्यामुळे शासकीय रुग्णालयाच्या औषधसूचीबाहेर राहावे, हा त्या मातेवर अन्यायच आहे. शतावरीवर ज्यांचे खरे प्रेम आहे त्यांनी तर पुराव्याची मागणी सर्वांत आधी करायला हवी.

हे काम महाराष्ट्राला अवघड नाही. नाशिकचे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून कार्यरत आहे आणि वैद्यकाच्या आधुनिक शाखेबरोबर आयुर्वेदाची महाविद्यालयेही त्याच्याच छत्राखाली आहेत. मुंबईचे पोदार, पुण्याचे टिळक आयुर्वेद यांसारख्या नामवंत संस्था आहेत. प्रत्येक पदव्युत्तर विद्यार्थी प्रबंध लिहितो. तीस-चाळीस रुग्णांचे असे सुटे प्रबंध ग्रंथालयात धूळ खातात. त्याऐवजी दहा महाविद्यालयांनी शेजारच्या प्रसूती रुग्णालयांच्या साह्याने एकच आराखडा ठरवून, एकाच प्रमाणित शतावरीवर, हजार मातांची एक चाचणी करावी. बाळाचे वजन, मातेचे दूध, प्रोलॅक्टिन आणि दुष्परिणाम मोजावेत. चाचणीची नोंद २००७ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय नोंदवहीत आधीच करावी, म्हणजे निष्कर्ष प्रतिकूल आला तरी तो दडवता येणार नाही. चाचणीसाठी लागणारी मुळी मात्र शेतातून यावी. महाबळेश्वर-पाचगणी परिसर १७ जानेवारी २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. आणि शतावरीची मुळी काढायची म्हणजे वेलीचा आधारच उपटायचा. बाळंतिणीसाठी डोंगर उजाड करणे कोणत्याही धर्मात बसत नाही.

निष्कर्ष शतावरीच्या बाजूने लागला, तर आपल्या आजीचे ज्ञान प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात सन्मानाने पोहोचेल. विरुद्ध लागला, तर आपल्या लेकीबाळी एका खर्चातून आणि एका खोट्या भरवशातून मुक्त होतील. क्षयाच्या बाबतीत मद्रासच्या त्या १९३ रुग्णांनी जे केले, ते शतावरीच्या बाबतीत महाराष्ट्रातील हजार माता करू शकतील. त्यांना तशी संधी देण्याची जबाबदारी विद्यापीठाची, शासनाची आणि आयुर्वेदावर प्रेम करणाऱ्या आपल्या सर्वांची आहे.